मुलग्यांना न मिळालेले नायक

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणजे कल्याणच्या ड्रेपरीवाल्यांची सुगी. १९ तारखेला शिवजयंती. टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, सगळीकडचे आईबाप भाड्याच्या पोशाखासाठी येतात. मुलग्यांसाठी रांगच आहे: महाराज, शंभूराजे, तानाजी, बाजीप्रभू आणि हे सगळे संपले असतील तर मावळा. मुलींसाठी जिजाऊ. एखादी मुलगी हट्टाने जिरेटोपच मागते. दुकानदार डोक्याचं माप विचारतो आणि काढून देतो. त्याच्या धंद्यात डोक्याला मुलगा-मुलगी नसते. पेन्सिलीने मिशी काढली की झाले महाराज, आणि शाळेत टाळ्याही त्याच मुलीला जास्त. मुलग्याच्या मापाची नऊवारी मात्र कुणी मागत नाही. मागावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

*

मुलीने महाराज होणं हे कौतुक. मुलग्याने सावित्रीबाई होणं हा विनोद. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. बाकीची टिपणं त्याचा खुलासा.

*

स्नेहसंमेलनातली झाशीची राणी जरा जवळून बघा. उजव्या हातात पुठ्ठ्याची तलवार, वर चंदेरी कागद. डाव्या हातात ढाल. पाठीवर ओढणीने बांधलेली बाहुली, म्हणजे दामोदर. भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला दामोदर खाली सरकतो. मग राणी तलवार काखेत मारते, एका हाताने गाठ आवळते आणि इंग्रजांना उरलेला दम देते. बाजूला उभ्या असलेल्या तानाजीचे दोन्ही हात मोकळे. रायबाचं लग्न मागे ठेवून तोही आला होता. पण रायबाला पाठीशी बांधून त्याला कोंढाण्यावर कुणी चढवलं नाही.

*

'मोठेपणी कोणासारखं व्हायचं?' हा प्रश्न मुलांना विचारून उत्तरं मोजण्याची हौस जुनी आहे. एकोणिसावं शतक सरता सरता अर्ल बार्न्स आणि इतर काही अभ्यासकांनी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांकडून अशी उत्तरं लिहून घेतली. तेव्हा दिसलं ते असं: मुलगे जवळजवळ सगळे पुरुषांची नावं लिहितात, मुली बायकांचीही लिहितात आणि पुरुषांचीही. मुली मोठ्या होतात तसतशी त्यांच्या यादीत पुरुषांची भर पडत जाते. स्टॅन्ली हॉल या नामवंत मानसशास्त्रज्ञाला याची काळजी वाटली. १९०४ साली आलेल्या त्याच्या पौगंडावस्थेवरच्या जाडजूड ग्रंथात ती उमटली आहे. काळजी कसली, तर मुलींना पुरुषांसारखं व्हावंसं वाटतं याची. मुलग्यांपैकी जवळजवळ कुणालाच बाईसारखं व्हावंसं वाटत नाही, याची काळजी त्याला वाटली नाही. सव्वाशे वर्षांत आपण पहिली काळजी सोडली. दुसरी अजून सुरूच केलेली नाही.

*

१९९७ साली हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा प्रकाशकांनी लेखिकेला सुचवलं की मुखपृष्ठावर पूर्ण नाव नको, आद्याक्षरं घाला. बाईचं नाव पाहिलं तर मुलगे पुस्तक उचलणार नाहीत, ही भीती. म्हणून जोअ‍ॅन रोलिंगची जे. के. रोलिंग झाली. 'पुरुषाचं नाव पाहून मुली पुस्तक उचलणार नाहीत' अशी धास्ती कुठल्या प्रकाशकाला पडल्याचं ऐकिवात नाही. मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलींनी मुलग्यांइतकाच वाचला. सायकलवरून त्याच्यामागे मनाने त्याही सुटल्या. ना. धों. ताम्हनकरांनी 'गोट्या' लिहिला आणि 'चिंगी'ही लिहिली. गोट्या दूरदर्शनवर आला, घराघरांत पोचला. चिंगीचं नाव आज किती जणांना आठवतं?

*

डेव्हिड चेंबर्स या अभ्यासकाने मुलांना एकच काम दिलं: शास्त्रज्ञाचं चित्र काढा. १९६६ ते १९७७ या काळात ४८०७ मुलांनी चित्रं काढली, बहुतेक कॅनडातल्या शाळांमधून. १९८३ मध्ये निष्कर्ष छापून आले. स्त्री शास्त्रज्ञ किती चित्रांत? अठ्ठावीस. ही अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चित्रं मुलींनी काढलेली होती. मुलग्यांच्या बाजूला शून्य.

नंतर हा प्रयोग पुष्कळ ठिकाणी पुन्हा झाला. १९८५ नंतरच्या अमेरिकन अभ्यासांची २०१८ मध्ये बेरीज मांडली गेली, तेव्हा स्त्री शास्त्रज्ञांचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास आलेलं दिसलं. चित्रं बदलतात, म्हणजे हा काही रक्तातला गुण नव्हे. पण या वाढीत मोठा हात मुलींच्या पेन्सिलींचा आहे. मुलगे अजून बहुतेक वेळा चष्मेवाला, केस पिंजारलेला बुवाच काढतात.

*

राज्य मंडळाच्या शाळांत शिवाजी महाराजांचा इतिहास चौथीला येतो. महाराष्ट्रातल्या कैक पिढ्या महाराजांना नऊ-दहाव्या वर्षी भेटल्या. नायक ठरवण्याचं हेच वय. आईबाप सगळ्यात शहाणे, हा समज याच सुमारास ढिला पडतो आणि घराबाहेरचं कुणीतरी हवं असतं. अशा वेळी हातात येतं ते पुस्तक म्हणजे नुसती युक्त्यांची पोतडी: १६५९ ला अफजलखान, १६६० ला पन्हाळ्याचा वेढा, १६६३ ला लाल महाल, १६६६ ला आग्र्याहून सुटका. दर दोन-चार पानांमागे एक बलाढ्य माणूस फसतो आणि आपला माणूस निसटतो. दहा वर्षांच्या पोराला आणखी काय हवं? पोरीलाही तेच हवं असतं. ती महाराजांवर मुलग्याइतकीच फिदा होते, आणि यात नवल नाही.

*

याच वयाच्या मुलींना आपण 'तुमच्या' म्हणून ज्या नायिका देतो त्यांची गोष्ट कशी सांगतो ते तपासून पाहावं. सावित्रीबाई म्हणजे शेणाचे गोळे. आनंदीबाई म्हणजे अकाली मृत्यू. हिरकणी म्हणजे बाळाची भूक. मुलग्यांच्या नायकांनी काहीतरी केलेलं असतं. मुलींच्या नायिकांनी काहीतरी सोसलेलं असतं. सोसण्याबद्दल मुलाला आदर वाटतो, कधी रडूही येतं. पण मधल्या सुट्टीत कुणी 'सोसण्याचा' खेळ खेळत नाही. खेळायला डाव लागतो.

म्हणून मुली उठून महाराजांच्या बाजूला जातात आणि मुलगे मुळात तिकडेच असतात. सावित्रीबाईंच्या बाजूला कुणी उरत नाही. उरते ती ३ जानेवारीला साडी नेसवून उभी केलेली एक मुलगी.

*

गोष्टी बदलायला नकोत, सांगणं बदलावं.

हिरकणी: आख्यायिका आहे, पण आख्यायिकाच सांगायची तर नीट सांगा. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद. अंधार. दोर नाही. सरळ तुटलेला कडा. त्यावरून एक बाई पकड शोधत, कातळाला बिलगून खाली उतरते. पुढे महाराज काय करतात? तिची पाठ थोपटून थांबत नाहीत. जिथून बाई उतरू शकली तिथून शत्रू चढू शकतो, म्हणून तिथे बुरूज बांधतात. म्हणजे किल्ल्याच्या तटबंदीतली चूक एका गवळणीने दाखवून दिली. ही गिर्यारोहणाची आणि लष्करी स्थापत्याची गोष्ट आहे. आपण तिचा पाळणा केला.

सावित्रीबाई: १८४८, पुण्यातला भिडेवाडा. रस्त्यात शेण-चिखल मारणार हे ठाऊक, म्हणून जवळ दुसरं लुगडं ठेवायचं, शाळेत पोचून बदलायचं आणि तास सुरू करायचा. दुसरं लुगडं हा गनिमी कावाच आहे. समोरच्याला वाटतं आपण हिला अडवलं. हिचा तास तर वेळेवर चालू झालेला.

ताराबाई: १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा या पंचविशीतल्या. समोर खुद्द औरंगजेब. पुढची सात वर्षं म्हातारा बादशहा किल्ले घेत राहिला आणि मराठे ते परत घेत राहिले; त्याच्या मुलखात घुसून धुमाकूळ घालत राहिले. १७०७ मध्ये तो नगरला मेला, दख्खन न जिंकता. यात युक्ती आहे, वेग आहे, बलाढ्य शत्रूची फजिती आहे. चौथीच्या पोराला लागतं ते सगळं आहे. पण शाळांच्या वेशभूषेत ताराबाई अभावानेच दिसतात, आणि मुलग्यांच्या खेळात तर नाहीतच.

*

आनंदीबाई जोशी कल्याणच्या. ३१ मार्च १८६५ चा जन्म, माहेरचं नाव यमुना. आमच्या तालुक्याच्या गावची ही मुलगी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाली. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत उभी राहिली आणि मी का जाते, एकटी का जाते, धर्म न बदलता परत कशी येणार, याची उत्तरं एकेक करून दिली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, वय एकवीस.

काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये तिचं चरित्र लिहिलं. नंतर कादंबरी झाली, नाटक झालं, २०१९ मध्ये सिनेमा झाला. शुक्रावरच्या एका विवरालाही तिचं नाव आहे. तरी कल्याण परिसरातल्या मुलांना ती भेटते ती बहुधा 'पहिली महिला डॉक्टर' या एका ओळीत, सामान्यज्ञानाच्या परीक्षेपुरती. श्रीरामपूरचं ते भाषण सातवी-आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेत एखाद्या मुलग्याला पाठ करायला द्यावं. विरोधकांचे मुद्दे आधी स्वतःच मांडायचे आणि मग खोडायचे, ही कला वकील होऊ पाहणाऱ्या पोराला दुसरीकडे इतक्या स्वस्तात मिळायची नाही.

*

सकाळच्या कसारा लोकलने कल्याण-डोंबिवलीकडच्या शिक्षिका खडवलीला उतरतात. स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा, तीन मागे आणि एक ड्रायव्हरच्या बाजूला, आणि मग आसपासच्या गावांतल्या शाळा. मुली या बाईंकडे ज्या नजरेने बघतात ती नजर ओळखीची आहे: घड्याळ कुठल्या हातात, पर्सच्या कुठल्या कप्प्यातून पेन निघतं, आज डबा कसला, लोकल चुकली तर बाई कुणाला फोन करतात. दुपारी ओट्यावर 'टीचर-टीचर' खेळताना हे सगळं जसंच्या तसं उतरतं. पायरीवर बसवलेल्या धाकट्या भावंडांना ओरडासुद्धा बाईंच्याच सुरात बसतो.

म्हणतात की मुली जवळचे आदर्श निवडतात आणि मुलगे लांबचे. यात तथ्य आहे. पण त्याला स्वभाव म्हणण्याआधी एवढं पाहावं, की महिन्याच्या महिन्याला स्वतःचा पगार घेणारी, एकटीने लोकलने येणारी-जाणारी बाई मुलीला दिसते कुठे? दिसते ती शाळेत, अंगणवाडीत, दवाखान्यात. मुली जवळचं निवडतात, कारण लांबचं त्यांना अजून फारसं कुणी दाखवलेलं नाही.

*

मुलग्यांचेही जवळचे नायक असतात. आपण ते मोजत नाही इतकंच. खडवलीच्या आसपासच्या पाच वर्षांच्या मुलग्याला विचारा. उत्तर महाराज नाही, विराट नाही. उत्तर जेसीबीवाला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्याआधी काही वर्षं शहापूर-भिवंडीकडे जिकडेतिकडे पिवळी यंत्रं होती. एक माणूस काचेच्या खोलीत बसून नुसते दांडे हलवतो आणि डोंगर बाजूला होतो. याहून मोठा पराक्रम पाच वर्षांच्या डोळ्यांना दिसू शकत नाही. त्या काचेआड बाई बसलेली असती तर त्या वयाच्या मुलग्याला काहीही खटकलं नसतं. पाचव्या वर्षी नायक यंत्र असतं, ते चालवणारा नसतो.

*

आता इंजिनातली बाई.

सुरेखा यादव साताऱ्याच्या. १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या, प्रशिक्षण कल्याणला. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. २००० साली मुंबईत लेडीज स्पेशल सुरू झाली ती त्यांनी चालवली. पुढे घाटात गाड्या चालवल्या. ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन, १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. सप्टेंबर २०२५ अखेर, छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर, निवृत्त झाल्या. त्याच महिन्यात इगतपुरी ते मुंबई राजधानी एक्स्प्रेस चालवत त्यांनी निरोप घेतला.

इगतपुरी ते मुंबई म्हणजे कसारा घाट उतरून, आटगाव, आसनगाव, वासिंद मागे टाकून, खडवलीच्या फलाटाला खेटून. राजधानी इथे थांबत नाही. फलाटावर गाड्यांचे नंबर पाठ असलेली पोरं असतात. कुठलं इंजिन, किती डबे, किती मिनिटं लेट, सगळं तोंडावर. बहुतेक मुलगेच. गाड्यांच्या या भक्तांपैकी कितींना सुरेखा यादव हे नाव माहीत आहे? त्यांची माहिती ८ मार्चच्या भाषणांसाठी मुलींना दिली जाते. ज्यांना इंजिनाचं वेड आहे त्यांना कुणी देत नाही.

*

१९६३ मध्ये अल्बर्ट बांडुरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांनी लहान मुलांसमोर एक छोटं नाटक उभं केलं. खोलीत एक पुरुष, एक बाई आणि पुष्कळ खेळणी. कधी खेळण्यांची मालकी पुरुषाकडे, कधी बाईकडे. नंतर पाहिलं, मुलं नक्कल कुणाची करतात. ज्याच्या हातात खेळण्यांचं वाटप, त्याची. म्हणजे सत्ता दिसली की मूल तिकडे वळतं, मग ती बाईची का असेना. इथे एक मेख होती: मालकी उघडउघड बाईची असतानाही काही मुलांचं म्हणणं होतं की खरा मालक तो पुरुषच. इतक्या लहान वयात घराघरांतला सातबारा पाठ झालेला असतो.

*

२ नोव्हेंबर २०२५, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. म्हणजे आमच्याच ठाणे जिल्ह्यात भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. तीन दिवस आधी त्याच मैदानावर उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या होत्या. अंतिम सामन्यात शेफाली वर्माच्या ८७ आणि दीप्ती शर्माचं अर्धशतक, वर पाच बळी. त्या रात्री चाळीत, सोसायटीत, हॉटेलात टीव्हीपुढे मुलगे होते, बाप होते, आजोबा होते, फटाके वाजले. पाहायचं नाही, असं कुणी म्हटलं नाही.

मग फरक कुठे पडला? टी-शर्टावर. विराट कोहलीचा नंबर १८. सांगलीच्या स्मृती मंधानाचाही नंबर १८. आकडा तोच, रंग तोच, कापड तेच. मुलीच्या पाठीवर विराट असतो आणि त्यात काही वावगं कुणाला दिसत नाही. मुलग्याच्या पाठीवर स्मृती असं मी स्टेशनजवळच्या गर्दीत अजून पाहिलेलं नाही. डावखुऱ्या पोराला कव्हर ड्राइव्ह शिकायचा असेल तर विराटपेक्षा स्मृतीकडे बघणं जास्त सोयीचं, कारण विराट उजव्या हाताने खेळतो. साध्या व्यवहाराची गोष्ट आहे. पण पोराच्या डोक्यात व्यवहार नंतर येतो. मित्र काय म्हणतील ते आधी.

*

'मुलग्यांना धाडस, वेग, स्पर्धा आवडते. म्हणून ते पुरुष नायक निवडतात', हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पहिलं अर्धं वाक्य घटकाभर मान्य. दुसरं त्यातून निघत नाही. वेगच हवा तर कविता राऊत आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी. तिला सावरपाडा एक्स्प्रेस म्हणतात. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. माणदेशी एक्स्प्रेस ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. वेग आहे, स्पर्धा आहे, अडथळ्यांवरून उड्याही आहेत. तरी धावपटू व्हायला निघालेला मुलगा मिल्खासिंग म्हणतो किंवा उसेन बोल्ट. म्हणजे प्रश्न वेगाचा नव्हता.

*

पोलीस भरती जाहीर होण्याच्या सुमारास पहाटे पाचला इकडच्या रस्त्यांवर मुलगे आणि मुली दोघंही धावताना दिसतात. मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८००; गोळा मुलग्यांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. महाराष्ट्रात पोलीस भरतीत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव. ओढणी कमरेला बांधून धावणाऱ्या ताईमागे तिची धाकटी बहीण हातात चपला घेऊन पळत असते. त्या धाकटीला नायिका मिळाली. पत्ता शेजारच्याच घराचा. धाकटा भाऊही मागे पळत असतो. पण त्याला विचारलं तर तो म्हणतो, मी दादासारखा पोलीस होणार. ज्या दादाची दोनदा भरती हुकली तो दादा.

*

भातसा नदी ही खडवलीची ओळख. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याहून सहलीला येणारे लोक, दरवर्षी बुडणारे काहीजण आणि त्यांना काढायला धावणारी गावातली पोरं. कुठे भोवरा आहे, कुठे कातळ निसरडा आहे, धरणाचं पाणी सुटलं की धार कशी बदलते, हे त्या पोरांना अंगाने माहीत असतं. लहान मुलग्यांचे हे खरेखुरे नायक, आणि असावेतही. लहानपणी मुलीही याच पाण्यात पोहतात. दहा-अकरा वर्षांच्या झाल्या की त्यांचं पोहणं थांबतं. पुढे त्या नदीवर दिसतात त्या कपड्यांची बादली घेऊन. नायक पाण्यात तयार होत असतील तर काठावर बसवलेल्या मुलीतून नायिका कशी निघेल? आणि मुलग्याला ती कधी दिसेल?

*

टीव्हीवरची गोष्ट थोडक्यात. २००८ पासून छोटा भीम धावतोय. चुटकी त्याला लाडू देते. डोरेमॉनमध्ये नोबिता घोळ घालतो; शिझुका अभ्यास करते, पियानो शिकते आणि त्याच्यावर रागावते. मुलींना यातून भीमही होता येतं, चुटकीही. मुलग्यांना फक्त भीम.

*

एका बाईला मात्र मराठी मुलग्याच्या मनात नायक म्हणून जागा आहे: आई. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. अत्र्यांनी काढलेल्या तिच्यावरच्या सिनेमाला १९५३ सालासाठीचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. एका मुलग्याचा सर्वोच्च आदर्श एक बाई आहे, हे महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. जिजाऊंनाही मुलगे मान झुकवतात.

पण आईचं नातं काढून घ्या आणि पाहा. ताराबाई कुणाची आई म्हणून ठाऊक नाहीत, म्हणून मुलग्यांपर्यंत पोचत नाहीत. आनंदीबाईंचं मूल दहा दिवसांत गेलं. त्या आईही राहिल्या नाहीत. बाईचा पराक्रम मुलग्याला चालतो, पण तो मुलासाठी केलेला असला तर. हिरकणीचा कडा मागे पडून बाळ पुढे आलं ते याच वाटेने.

*

परंपरेत याला उत्तर नाही असं नाही. चौदाशे वर्षांचा योगी म्हणून गाजलेला चांगदेव वाघावर बसून आला आणि अखेर शिष्य झाला तो मुक्ताबाईचा. मुक्ताबाई तेव्हा पोरवयाची. आख्यायिका म्हणून धरली तरी वारकऱ्यांनी ती सातशे वर्षं हसू न येता सांगितली आहे.

आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे गोदावरी परुळेकर. १९४५ मध्ये जुन्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-उंबरगावच्या बाजूला, वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. वेठीने पिचलेल्या, सावकाराच्या दारात वाकून उभ्या राहणाऱ्या पुरुषांनी या बाईला पुढारी मानलं आणि नाव दिलं गोदाराणी. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्यांनी तो काळ मांडला आहे. ते पुरुष शाळेत गेलेले नव्हते आणि बाईच्या मागे जाण्यात कमीपणा आहे हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. किंवा शिकवलं असेलही. पण पोटाची गरज मोठी होती.

*

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही भाजी निवडताना दाखवले, त्याची बातमी झाली. चित्र चांगलंच आहे. पण त्यात बाबाने काय करावं ते आहे. मुलग्याने कुणासारखं व्हावं, हे अजून कुठल्याच पानावर नाही.

*

मुलग्याचं यात नुकसान काय? पहिलं सरळ आहे: जगात जेवढे नायक आहेत त्यातले निम्मे त्याला बंद. मुलगी विराटचा संयम उचलते, स्मृतीची नजाकत उचलते. तिला दोन दुकानं उघडी. मुलग्याला एकच. दुसरं पुढे कळतं. तिशीत त्याच्यासमोर साहेब म्हणून बाई बसते, मोठी डॉक्टर म्हणून बाई येते, लोको इन्स्पेक्टर म्हणून बाई येते. तिच्याकडून शिकायचं असतं आणि शिकण्याआधी मनात कुठेतरी थोडं झुकावं लागतं. हे झुकणं दहाव्या वर्षी खेळता खेळता जमतं, तिशीत कष्टाने.

*

उपाय शोधायला फार लांब जायला नको. भाचीच्या वाढदिवसाला आपण सावित्रीबाईंचं पुस्तक देतो; ते भाच्याला द्यावं आणि भाचीला फास्टर फेणे. वेशभूषेच्या यादीत 'मुलांसाठी', 'मुलींसाठी' असे दोन रकाने करू नयेत. गाड्यांचं वेड असलेल्या पोराला सुरेखा यादवांची गोष्ट घाटातल्या ब्रेकिंगसह सांगावी. 'महिला असूनही' हे दोन शब्द वगळून.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट लागते. वर्गात एखादा मुलगा बाईचं नाव घेतो तेव्हा बाकीचे हसतात. ते हसू त्यांनी कुठून तरी आणलेलं असतं. सामना चालू असताना बाप मुलाला म्हणाला, 'बघ, मंधानासारखी बॅट सरळ ठेव', तर पोरगं दुसऱ्या दिवशी मैदानावर तेच नाव घेऊन जातं, आणि कुणी हसलं तर त्याच्याजवळ सांगायला एक वाक्य असतं: बाबा म्हणाले. बाप म्हणाला, 'मुलींच्या मानाने बरं खेळतात', तर तेही वाक्य मैदानावर जातं. मुलग्याच्या यादीत बायका येणार की नाही, हे घरोघरी टीव्हीपुढे बसलेली पुरुष मंडळी ठरवत असतात; पुस्तकं आणि शाळा त्यानंतर.